भिंतीवरची बोरमाळ

अण्णा मरतील याची पद्मजाला काळजी नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्या हाताला कंप; कधीतरी जाणारच. तिला काळजी होती ती ते न बोलता जातील याची. एक वाक्य होतं, जेमतेम पाच शब्दांचं. ते बोलायचं त्यांनी अकरा वर्षं टाळलं होतं, आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी ते बोललं तर त्याला किंमत नव्हती. निदान पद्मजा स्वतःची तशी समजूत घालत आली होती.

ही काळजी भाजी निवडताना यायची, लेकीच्या, मीनलच्या, वह्यांना कव्हरं घालताना यायची. अंबरनाथहून शरददादाचा फोन आला की हॅलोच्या आधी ती विचारायची, "अण्णा बरे आहेत ना?" दादाला वाटायचं, धाकटीचा बापावर भारी जीव. तो हे चारचौघांत कौतुकाने सांगायचाही. ऐकताना पद्मजा दुसरीकडे बघायची.

अण्णा म्हणजे चिंतामणी आंबवणे. अंबरनाथ पश्चिमेला त्यांना 'फोटोवाले आंबवणे' म्हणत, पण त्यांनी उभ्या आयुष्यात एकही फोटो काढला नव्हता. दुसऱ्यांनी काढलेले फोटो ते सुधारत. उल्हासनगरच्या कॅम्पात जेठानंद नावाच्या सिंधी गृहस्थाचा स्टुडिओ होता, त्याच्या मागच्या खोलीत काचेखाली दिवा लावलेल्या उतरत्या टेबलाशी त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं काढली. मुरबाडकडच्या एका खेड्यातून ते कामाच्या शोधात आले तेव्हा कॅम्पात फाळणीची माणसं नुकती उतरली होती. कुणाकडे बापाचा अर्धा फाटलेला फोटो, कुणाकडे पाण्याने फुगलेला, कुणाकडे वीस माणसांच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा. चिंतामणी ड्रॉइंगमध्ये हुशार होता. त्याने त्या नखाएवढ्या चेहऱ्यांना खांदे दिले, कपडे दिले, मागे खुर्ची दिली. जेठानंद त्याला सांगायचा, "मास्तर, जो उधर छूट गया ना, वो फोटो में दे दो." मग एखाद्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर मास्तर तिकडे राहिलेली पगडी चढवायचे आणि म्हाताऱ्याचा मुलगा फोटो छातीशी धरून स्टुडिओच्या पायरीवर रडत बसायचा.

ते पुण्यच होतं, यात शंका नाही. पण पुण्याचीही चटक लागते.

पुढे पुढे काम वाढलं. लग्नाच्या मुलींचे बघण्याचे फोटो यायला लागले. सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने अण्णा निगेटिव्हवर काम करत. देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, फुगीर नाक, सगळं त्या टोकाखाली नाहीसं व्हायचं. शाळकरी पद्मजा सुट्टीत कधी डबा घेऊन गेली की त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायची. ते शिकवायचे, "पदू, हा उलटा व्यवहार आहे. निगेटिव्हवर जेवढं काळं करशील तेवढं फोटोत गोरं होतं." पद्मजाला तेव्हा ती जादू वाटायची.

आणि गेलेल्या माणसांचे फोटो. ते अण्णांचं खास काम होतं. तेराव्याच्या आत मोठा करून, रंगवून, फ्रेम करून हवा असायचा. घरच्यांकडे बहुधा रेशनकार्डासाठी काढलेला एखादा टिकलीएवढा फोटो असायचा, त्यात बाई घाबरलेली. अण्णा तो मोठा करून घेत, डोळ्यांतली भीती पुसत, अंगावर बाटलीहिरवी साडी चढवत आणि गळ्यात बोरमाळ घालत. दुपदरी, टपोऱ्या मण्यांची. खालच्या पदरात डाव्या बाजूला एक मणी नाही, तिथे नुसता दोरा दिसतोय. कितीही घाई असली तरी ती रिकामी जागा चुकायची नाही. लोक बारकाईने बघत नसत. आईच्या गळ्यात सोनं दिसलं की त्यांचे डोळे भरून यायचे आणि भरल्या डोळ्यांनी मणी मोजता येत नाहीत.

त्या रिकाम्या जागेचं कारण घरात एकट्या पद्मजाला ठाऊक होतं. वृंदा, शरद आणि पद्मजा ही तिन्ही भावंडं गंगूआजीच्या बोरमाळेच्या गोष्टी ऐकत वाढली होती. गंगूआजी म्हणजे अण्णांची आई. ती माळ घालून ती नदीवर गेली की बाया धुणं थांबवून बघायच्या, असं अण्णा सांगत. मग ती माळ गेली कुठे, हे ते कधी सांगत नसत आणि मुलंही विचारत नसत. गोष्टीतल्या वस्तूंचा पत्ता कोण विचारतं?

सरस्वती, म्हणजे या तिघांची आई, त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत गेली. वर्षभर पोटाचं दुखणं होतं, शेवटचे पाच महिने तर अंथरुणातच. शरद तेव्हा वापीला केमिकल कंपनीत होता, पद्मजा बारावीत. वांगणीला दिलेली थोरली वृंदा दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन माहेरी आली आणि पाच महिने राहिली. तिचा नवरा शाळेत कारकून. तो बिचारा तिकडे हाताने भाकऱ्या थापत राहिला. वृंदा आईचं सगळं करायची. कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या, कारण दुसऱ्या कुणाला वेळच नव्हता. आई गेल्यावर वांगणीला परत जाताना तिने एकच वस्तू मागून घेतली, आईची लाकडी फणी.

आईचा धड फोटो नव्हता. वृंदाच्या लग्नातला एक होता, पण त्यात तिने दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला, गळा झाकलेला. अण्णांनी नुसता चेहरा मोठा करून घेतला आणि खालचं सगळं घरी, जेवणघराच्या खिडकीशी बसून रंगवलं. शेजारी पद्मजा, रंगाच्या ब्रशांना पाणी बदलून देत. साडी झाली, काठ झाले. मग अण्णांनी बारीक ब्रश पिवळ्यात बुडवला.

"अण्णा, आईकडे बोरमाळ कुठं होती?"

"म्हणून तर," अण्णा म्हणाले.

दोन-चार मणी झाल्यावर त्यांनी रंगांच्या पत्र्याच्या डबीतून कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. सोन्याचा एक बोराएवढा मणी, एका बाजूने चेपलेला, आतली लाख दिसत होती. "माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा," ते म्हणाले. "तिला अंगणात काढून ठेवली होती. चुलत्याने सगळ्यांदेखत गळ्यातून माळ ओढली. दोरा तुटला. सगळे मणी त्याने वेचले. हा माझ्या पायाखाली होता, मी पाय उचलला नाही. चुलता नंतर गावभर सांगत फिरला, वहिनीने माहेरी दिली माळ, बाई चोरटी होती. मेलेल्या बाईला चोर म्हणाला." त्यांनी मणी परत कापसात ठेवला. "ओक्या गळ्याने मी कुणाला भिंतीवर लावत नाही, पदू."

सतरा वर्षांच्या पद्मजाला त्या दिवशी वाटलं, आपल्या बापासारखा माणूस जगात नसेल.

फोटो भिंतीवर लागला. दोन वर्षांनी शरदचं लग्न ठरवायला कल्याणची माणसं आली. मुलीच्या मामांनी फोटोसमोर हात जोडले आणि म्हणाले, "माळ जुन्या घडणीची दिसतेय. आता असं काम होत नाही." एवढंच. अण्णांना "हो" म्हणून विषय सोडता आला असता. खरं म्हणजे "नाही" म्हणता आलं असतं. पण ज्या माणसाने पस्तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या घरांना श्रीमंत भूतकाळ वाटला त्याला स्वतःच्या घराला तो नको कसा होईल? ते म्हणाले, "आमच्या आईची. मग हिच्याकडे आली. आता सुनेचीच."

चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या पद्मजाला हे ऐकू आलं. तिला थोडं हसूही आलं. फोटोतली माळ सुनेची, तर बघू दे तिला रोज भिंतीकडे.

सून आली. मंदाकिनी वाईट नव्हती, हे पद्मजा आजही मान्य करते. वाट बघणारी होती. पहिल्या वटपौर्णिमेला तिने वाट बघितली, मंगळागौरीला बघितली. गौरी आल्या तेव्हा तिने तोंड उघडलं.

पंच्याऐंशीचं साल. वृंदा पुरणावरणाला हात लावायला आदल्या दिवशीच वांगणीहून आली होती. स्वयंपाकघरात ती पाट्यावर पुरण वाटत होती. बाहेर गौरींना साड्या नेसवून झाल्या होत्या. मंदाकिनी म्हणाली, "अण्णा, गौरीच्या गळ्यात घालायला आईंची बोरमाळ काढूया ना यंदा."

अण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "वृंदाला विचार. आजारपणात किल्ल्या तिच्याकडे होत्या."

पद्मजाने त्या वाक्याचा पुढे पुष्कळ विचार केला. त्यांना मुलीला चोर ठरवायचं नव्हतं. त्यांना फक्त पेपर संपेपर्यंतचा वेळ हवा होता. पण फेकलेला दगड कुठे लागेल हे फेकणाऱ्याच्या हातात राहत नाही, आणि लागल्यावर तो परत घ्यायला छाती लागते.

वृंदा पुरणाच्या हातांनीच बाहेर आली. "कसली बोरमाळ?" तिने मंदाकिनीच्या बोटाच्या रोखाने वर बघितलं आणि ती हसली. "अगं, ती होय. ती अण्णांच्या ब्रशातली आहे. अर्ध्या उल्हासनगरच्या गळ्यात असेल ती."

"वन्सं, चेष्टा नका करू. त्यात एक मणी गळालेला दिसतोय. खोटी असती तर कुणी तुटकी रंगवली असती का?"

गळालेल्या मण्याची गोष्ट वृंदाला माहीत नव्हती. ती कधी स्टुलावर बसली नव्हती. ती घर सांभाळत होती.

"आजीची बोरमाळ लहानपणापासून ऐकतोय आपण, ताई," शरद म्हणाला.

"ऐकतोयच ना. बघितली कुणी?"

"मी वापीला होतो. तू होतीस इथे."

वृंदाचं हसू तिथे गेलं. तिने बापाकडे बघितलं. "अण्णा, सांगा ना हिला."

अण्णांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढला, पुसला. "मी असेल तेच रंगवतो," ते म्हणाले.

मग वृंदा धाकटीकडे वळली. पद्मजा नैवेद्याची ताटं घेऊन उंबऱ्यात उभी होती. "पदू, तू त्यांच्याजवळ बसली होतीस ना हा रंगवताना? तू सांग."

अण्णांनीही तेव्हाच तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. विनवणीनेही नाही. ऑर्डरच्या फोटोकडे बघायचे तसं, याचं काय करता येईल, असं. आठच दिवसांपूर्वी बेलवलीहून पाहुणे पद्मजाला बघून गेले होते. होणाऱ्या सासऱ्यांनी भिंतीवरच्या फोटोखाली बसून पोहे खाल्ले होते. होकार यायचा होता.

"मला आठवत नाही, ताई," पद्मजा म्हणाली.

वृंदाने आत जाऊन राहिलेलं पुरण वाटून संपवलं. पातेल्यावर झाकण ठेवलं, पाटा धुतला, पोराचं बोट धरलं आणि निघाली. पोळ्या मंदाकिनीने केल्या, त्या फुटल्या. पंधरा दिवसांनी टपालाने एक पुडकं आलं. त्यात आईची लाकडी फणी होती, दातांत दोन पांढरे केस तसेच अडकलेले. सोबत चिठ्ठी: 'मी एवढंच नेलं होतं. परत करते आहे.'

अण्णांनी चिठ्ठी वाचून खिशात घातली. फणी खणात ठेवली. जेवताना ते म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

पुढची अकरा वर्षं अशीच गेली. पद्मजाच्या लग्नाला वृंदा आली नाही. तिला सगळ्या नातेवाइकांसारखी छापील पत्रिका गेली होती, त्यावर हाताने लिहिलेला एक शब्द नव्हता. मुलं झाली, बारशी झाली. मंदाकिनीने माळेचा विषय पुन्हा भांडून काढला नाही, पण सोडलाही नाही. कुणी फोटोकडे बघितलं की ती सहज म्हणायची, "हो, आईंची. आता वांगणीला आहे." एवढ्यावर ऐकणाऱ्याला सगळं कळायचं. ही गोष्ट नात्यात पोहोचली, वांगणीच्या शाळेतही पोहोचली असणार. तिथल्या कारकुनाच्या बायकोकडे कुणी भिशीची पेटी ठेवायला देत नाही असं एका आत्याने एकदा सांगितलं होतं. पद्मजाने आत्याला आणखी एक लाडू वाढला.

नव्वदच्या सुमारास कॅम्पात रंगीत फोटोंच्या लॅब निघाल्या. हाताने रंगवलेला फोटो कुणाला नको झाला. जेठानंद स्वतः थकला होता. मास्तरांना निरोप देताना तो म्हणाला म्हणे, "मास्तर, अब लोग जैसे हैं, वैसे ही फोटो में आते हैं." अण्णा हे घरी विनोद म्हणून सांगायचे. पद्मजाला त्यात विनोद दिसला नाही.

हे सगळं असंच चाललं असतं. सत्त्याण्णवच्या जानेवारीत आठ वर्षांची मीनल खेळून घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई, हर्षदाच्या आजीने आपल्या आजीची माळ घातलीय."

"कोण हर्षदा?"

"माझ्या वर्गातली. मागच्या बिल्डिंगमधली. तिच्या आजीचा फोटो आहे भिंतीवर. साडी पण तीच. आणि तिथंच मणी नाहीये, आपल्या आजीचा नाहीये तिथंच." तिने स्वतःच्या गळ्यावर डाव्या बाजूला बोट ठेवून दाखवलं. मग विचार करून म्हणाली, "वृंदामावशीने चोरून त्यांना विकली का?"

"कुणी सांगितलं तुला मावशीने चोरली?"

"मामी म्हणते."

पद्मजाने तिला हातपाय धुवायला पाठवलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ही गोष्ट मोठ्या माणसांत आहे, मोठी माणसं संपली की संपेल. ती तर दप्तर घेऊन घरात आली होती.

दुसऱ्या दिवशी तिळगूळ द्यायच्या निमित्ताने ती हर्षदाच्या घरी गेली. हर्षदाचे वडील किसन अंबरनाथला कारखान्यात फिटर. पहिली पाळी करून नुकते आले होते. बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांच्या आईचा, सुंदराबाईंचा फोटो. बाटलीहिरवी साडी. दुपदरी बोरमाळ. रिकामी जागा. त्या फ्रेमच्या काचेत खालच्या कोपऱ्यात रेशनकार्डाचा मूळ फोटोही खोचून ठेवलेला, त्यात बाईच्या गळ्यात काळी पोत.

"फोटो छान आहे," पद्मजा म्हणाली.

"त्याची गंमत आहे, ताई," किसन म्हणाले. "कॅम्पातल्या मास्तरांनी रंगवला. मी बजावून सांगितलं होतं, अंगावर काही घालू नका, आमच्या आईला हे काळे मणीच होते. तरी घातलीच माळ. आणायला गेलो तर मला म्हणतात, राहू दे, आईला शोभते."

"मग तुम्ही?"

"मग काय, हसलो. त्यांचे डोळे भरले होते, त्यांना कुठं तोडून बोलणार. पण घरी आल्यावर खरा फोटो खाली लावला. पोरांना कळायला पाहिजे ना आजी कशी होती."

आतून हर्षदाची आई म्हणाली, "सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढं सोनं घालून शेण कसं काढू?"

"कुणी विचारलं नाही कधी, माळ कुठं गेली म्हणून?"

किसनना प्रश्नच कळला नाही. "नव्हतीच तर जाईल कुठं?"

पद्मजाने तिळाचा लाडू हातात धरून ठेवला. तिच्या घरात पदवीधर तीन होते. एवढं साधं वाक्य त्यांतल्या कुणाला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ती दुपारी अंबरनाथला गेली. मंदाकिनी पापड वाळत घालायला गच्चीवर होती. अण्णा खिडकीशी जुन्या उतरत्या टेबलावर वाकून बसले होते, डोळ्याला सोनाराचं भिंग.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "हे बघ जरा. हात हलतो, पण जमलंय."

टेबलावर त्यांचा स्वतःचा फोटो होता. बँकेच्या कागदांसाठी काढलेला असावा, मोठा करून घेतलेला. त्यावर त्यांनी काळा कोट चढवला होता. कोटाच्या खिशाला सोनेरी टोपणाचं पेन. डोळ्यांतला मोतीबिंदू गेला होता. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. असा कोट आंबवण्यांच्या घरात कधी कुणाच्या अंगावर चढला नव्हता.

"आयत्या वेळी शरद कुठे शोधत बसणार? म्हटलं, आपणच करून ठेवावा. हिच्या शेजारी लावायचा. कसा वाटतो?"

"अण्णा, दादा-वहिनींना बोलवा आणि सांगा."

"काय?"

"ती बोरमाळ मी रंगवली होती. एवढंच सांगा."

त्यांनी भिंग काढलं. ते ब्रश फडक्याला पुसू लागले. "वृंदाला माहीत आहे, तिने घेतली नाही. तुला माहीत आहे. मला माहीत आहे. मग राहिलं कोण?"

"राहिली सगळी दुनिया. माझी मीनल राहिली. ती मला विचारते, मावशीने माळ विकली का."

"पोरं विसरतात."

"तुम्ही विसरलात? चुलत्याने आजीला चोर म्हटलेलं?"

अण्णांचा हात थांबला. पद्मजाला वाटलं, आता. आता बोलतील. त्यांनी रंगांची डबी ओढली, कापसातला मणी काढला, तिच्यासमोर टेबलावर ठेवला. मान खाली होती. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "मीनलला दे हा. पण पदू, तुझ्या सासऱ्यांनी याच फोटोखाली बसून होकार दिला होता. तेव्हा तुला आठवत नव्हतं. आता कसं आठवलं?"

गच्चीवरून मंदाकिनीचं "कोण आलंय?" ऐकू आलं. अण्णांनी भिंग परत डोळ्याला लावलं आणि कोटाच्या खिशावरचं पेन आणखी जरा सोनेरी केलं.

मणी टेबलावरच ठेवून पद्मजा निघाली. जाताना तिने खणातली फणी तेवढी पर्समध्ये टाकली. कुणाला विचारलं नाही.

घरी मीनल कागदावर चित्र काढत बसली होती. एक बाई, हिरवी साडी. गळ्यात पिवळे गोळे काढून झाले होते आणि एक जागा तिने आठवणीने रिकामी सोडली होती. "ही आजी," ती म्हणाली. "मला मिळेल का गं ती माळ, मावशीने परत दिली तर?"

"माळ नव्हती, मीनल."

"फोटोत आहे."

"फोटोत आहे. नव्हती."

मीनलने आईकडे बघितलं, मग चित्राकडे. तिला ते पटलं नव्हतं. का पटावं? तिच्या आईनेच आजवर कधी तसं सांगितलं नव्हतं.

पद्मजाला तेव्हा स्पष्ट दिसलं, की अण्णा बोलणार नाहीत. ते कोट घालून भिंतीवर जातील, आईच्या शेजारी, आणि मग खोट्या माळेला खोट्या कोटाची साक्ष मिळेल. ती मात्र अकरा वर्षं त्यांच्या वाक्याची वाट बघत बसली होती. ते पाच शब्द त्यांचे होते, मान्य. पण "मला आठवत नाही, ताई" हे चार शब्द तिचे स्वतःचे होते, आणि ते मागे घ्यायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. सासरे आता नव्हते. नवऱ्याला ती संध्याकाळी सांगणार होती, शरददादाला त्यानंतर. दादा चिडेल, वहिनी रडेल, अण्णा आमटीतल्या मिठाचा विषय काढतील. पण आधी एक ठिकाण होतं.

वांगणीचा नंबर तिच्याकडे होता. आत्याच्या नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेमागे गेल्या वर्षी लिहून घेतलेला, कशासाठी ते तेव्हा स्वतःलाही न सांगता. तिने पत्रिका देव्हाऱ्याखालच्या खणातून काढली. पर्समधली फणी फोनशेजारी ठेवली. वृंदा फोन आपटेल, आणि आपटायलाच हवा. मग पुन्हा लावायचा. ती "कोण?" म्हणेल तेव्हा नाव सांगत बसायचं नाही, ख्यालीखुशाली विचारायची नाही. पहिलं वाक्य ठरलं होतं: मला आठवतंय, ताई.

"मीनल, आवाज करू नकोस," ती म्हणाली. मग विचार बदलून म्हणाली, "नाही, इथंच बस. ऐक," आणि तिने रिसीव्हर उचलला.